उंबऱ्याच्या आत बसून चढलेला डोंगर

हे मी चिडून लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. आजारपणावर लिहिणाऱ्याने शांत आणि समजूतदार लिहावं, शेवटी सगळ्यांचे आभार मानावेत, अशी वाचणाऱ्याची अपेक्षा असते. माझ्याने ते होणार नाही. पण तुम्ही स्वतः किंवा तुमच्या घरातलं कुणी नुकतंच चाकाच्या खुर्चीत बसलं असेल, तर माझ्या या चिडण्यातलं थोडंफार तुमच्या उपयोगी पडेल. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही.

मी वैशाली, वय छत्तीस. बारामतीच्या कडेला जळोचीत आमची भाजीपाल्याची रोपवाटिका आहे. ढोबळी मिरची, टोमॅटो, कलिंगड. पार इंदापूरपर्यंतचे शेतकरी आमच्याकडून रोपं नेतात. घरात माझा नवरा संतोष, सासूबाई आणि मी. सासूबाईंना मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आत्या म्हणते. बी टोकण्यापासून ते 'रोपं मेली' म्हणून परत आलेल्या गिऱ्हाइकाशी भांडण्यापर्यंत रोपवाटिकेतलं सगळं मी बघायचे. भांडायचं काम मला विशेष आवडायचं.

चप्पल

दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी सकाळी कमरेभोवती कुणीतरी पट्टा आवळल्यासारखं वाटायला लागलं. वाकून काम केल्याचं दुखणं असेल म्हणून मी तसंच रेटलं. दुपारी कामावरची एक बाई मागून म्हणाली, "वैनी, चप्पल तिकडंच ऱ्हायली तुमची." मी खाली बघितलं तर एका पायात चप्पल नव्हती. ती कधी निघाली हे पायाला कळलंच नव्हतं. संध्याकाळपर्यंत दोन्ही पाय गेले.

आधी बारामती, मग पुणे. मणक्यातल्या मज्जारज्जूला सूज आली आहे आणि पाय परत येतील याचा भरवसा नाही, हे डॉक्टरांनी संतोषना बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितलं. "पेशंटला एवढ्यात सांगू नका," असंही सांगितलं. पाय कुणाचे होते? चार दिवस मला सगळे 'व्हईल, व्हईल' म्हणत राहिले. पाचव्या दिवशी फरशी पुसणाऱ्या मावशी सहज बोलून गेल्या, "तुमाला न्हाई व्हय सांगितलं? पाय गेलं म्हनं तुमचं." मग त्यांनी फडकं बाजूला ठेवलं आणि माझ्या उशाशी बसून राहिल्या. त्या दवाखान्यात माझ्याशी खरं बोललेलं ते पहिलं माणूस.

पुढचे तीन महिने एकसारखे गेले. दर दोन तासांनी कूस बदलायची. लघवीची नळी, पोट साफ करायच्या वेळा, खाटेवरून खुर्चीत सरकायचा सराव. व्यायाम घेणारे सर एक गोष्ट रोज घोकून घ्यायचे: दर पंधरा मिनिटांनी दोन्ही हात खुर्चीवर टेकून बूड उचलायचं आणि मनात साठपर्यंत मोजायचं. खाली दुखलेलं आपल्याला कळत नाही, म्हणून आपणच कातडीची आठवण ठेवायची. तुम्ही यातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर ते हे ठेवा. मी ते विसरले, ते पुढे येईलच.

उंबरा

घरी आले त्या दिवशी मला खुर्चीसकट चौघांनी उचलून आत घेतलं. आत्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. सगळ्यांचे डोळे भरून आले, माझेही आले. चौथ्या दिवशी मला रोपवाटिकेत जावंसं वाटलं आणि तेव्हा कळलं की घरात एकच पुरुष आहे, म्हणजे मला बाहेर जाता येणार नाही.

आमचं घर पाच वर्षांपूर्वीच बांधलेलं. दाराला काळ्या दगडाचा उंबरा, पुढे दोन पायऱ्या. सगळं मिळून सवा फूट. मागच्या दाराला तर त्याहून उंच पायऱ्या. या सवा फुटासाठी प्रत्येक वेळी दोन पुरुष लागायचे. एक मागून, एक पुढून. उचलताना सदरा वर जायचा, लघवीची पिशवी लोंबायची, आणि पुढून धरणारा कामगार बिचारा मान फिरवून उभा राहायचा. त्याला लाज वाटायची, मला वाटायची, आणि मग मी 'आज नको' म्हणायला लागले. लोकांना वाटलं, वैशालीला आता घरातच बरं वाटतं.

रॅम्प करा, म्हणजे उतार बांधा, असं मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा आत्या म्हणाल्या, "पूजा करून बसवलाय उंबरा. खाली रुपाया घातलाय, हळदकुकू घातलंय. उंबरा फोडला की घर फुटतं." दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा संतोषनी एक फळी आणून टाकली. ती इतकी उभी होती की अर्ध्यातून खुर्ची मागे कलंडली आणि माझं डोकं दगडावर आपटता आपटता राहिलं. 'बघ, धोक्याचं हाय,' असं म्हणून फळी गोठ्यात गेली. धोका फळीचा होता, पण बंद मी झाले.

आत्यांबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्यांना खाष्ट सासू समजाल. माझी नळी बदलण्यापासून पोट साफ करण्यापर्यंत सगळं त्या करतात. दोन वर्षांत नाक मुरडलेलं मी पाहिलं नाही. तेच हात मार्गशीर्षातल्या गुरुवारी उंबऱ्याला हळदकुंकू लावतात. अशा माणसावर चिडणं किती अवघड असतं हे ज्याचं त्यालाच कळतं. तरी मी चिडले.

डबडं

तिसऱ्यांदा विषय काढला तेव्हा संतोष उठून रोपवाटिकेत गेले. आठ दिवसांनी एक खोकं घेऊन आले. आत डोळ्यांवर बांधायचा जाडजूड चष्मा आणि दोन हातांत धरायच्या दोन मुठी. व्हीआर. चष्मा लावला की चहूबाजूंनी दुसरीच जागा दिसते, आणि हात हलवाल तसे आतले हात हलतात.

"आता घरबसल्या समदं जग," ते म्हणाले. "भाईर जायाची गरजच न्हाय."

ते खुशीत होते. प्रेमानेच आणलं होतं, त्यात खोट नाही. पण उंबऱ्याचा एक दगड काढण्यापेक्षा अख्खं जग घरात आणणं या माणसाला सोपं वाटलं, हे माझ्या मनातून जाईना. मी खोकं दोन दिवस उघडलंच नाही.

उघडलं तर त्या डबड्याने (हे नाव आत्यांनी दिलं) पहिलीच गोष्ट सांगितली: जमिनीला हात लावून दाखवा. पोटाचे स्नायू माझं ऐकत नाहीत, वाकले की मी तोंडावर पडते. शेवटी मूठ तिच्या दोरीने खाली सोडली, विहिरीत बादली सोडतात तशी, आणि फरशीला टेकवली. मग तलवारीचा खेळ लावला. तलवार पायाशी पडलेली. समोरचा राक्षस माझ्या दुप्पट उंच, कारण खेळाच्या हिशोबाने मी साडेतीन फुटांची बाई होते. आणि हवेत मोठ्या अक्षरांत सूचना: कृपया उभे राहा. पुण्याच्या डॉक्टरांना जे जमलं नाही ते हा डबा मला करायला सांगत होता. मी चष्मा काढून खाटेवर आपटला.

राग ओसरल्यावर मी परत तो लावला आणि एकेक बटण तपासत बसले. एका कोपऱ्यात 'बसून खेळा' असा पर्याय सापडला. तो दाबला आणि जमीन वर आली. तलवार हाताशी आली, राक्षस माझ्या उंचीचा झाला. एका बटणात. खाली कुणी रुपाया पुरलेला नव्हता आणि कुणाचं घर फुटलं नाही.

सगळ्या खेळांत ते बटण नव्हतं हेही सांगते. काही खेळ करणाऱ्यांच्या डोक्यात बसून खेळणारा माणूस आलाच नसावा. पैसे घेऊन वर उभं राहायला सांगणारे खेळ मी काढून टाकले आणि प्रत्येकाखाली मोडक्या इंग्रजीत चार खडे बोल लिहिले. त्यात फार मजा आली. गिऱ्हाइकाशी भांडल्यासारखं वाटलं.

डोंगर

मग मला डोंगराचे कडे चढायचा खेळ मिळाला. त्यात फक्त दोन हात दिसतात. खाली पाय नसतातच, कुणालाच. खडकाची खाच धरायची, अंग वर ओढायचं, दुसऱ्या हाताने पुढची खाच. वर्षभर चाकं ढकलून माझे खांदे दगड झालेले. चांगली चालती माणसं जिथून खाली पडायची तिथून मी वर जायचे. एकदा इंटरनेटवरून माझ्यासोबत खेळणाऱ्या कुणीतरी हिंदीत विचारलं, दीदी, इतक्या पटपट कशी चढता? मी म्हटलं, हातानं.

पहिल्यांदा माथ्यावर पोचले तेव्हा खाली दरी, लांबवर नदी, आणि वारा नुसताच दिसत होता, लागत नव्हता. मी ढसाढसा रडले. चष्म्याच्या काचा धुरकट झाल्या आणि दरी दिसेनाशी झाली. जेवणं उरकून संतोष आणि आत्या रोपवाटिकेत जायचे ते पाच वाजेपर्यंत. ती सगळी दुपार माझी. मी रोज एक कडा चढायचे आणि संध्याकाळी त्या दोघांशी चांगलं बोलायचे. घरात बरेच दिवसांनी हसणं ऐकू यायला लागलं, हे मी नाकारणार नाही.

आता माझी चूक. बूड उचलायची आठवण म्हणून फोनला दर पंधरा मिनिटांचा गजर होता. चढताना तो वाजला की हात सुटायचा आणि मी पडायचे. म्हणून मी गजर बंद केला. खेळात मला पाय नव्हते, पाठ नव्हती, बूड नव्हतं. तीन तास मी नुसते दोन हात होते, आणि तेच मला हवं होतं.

तिसऱ्या आठवड्यात आंघोळ घालताना आत्यांचा हात थांबला. "हे काय झालंय गं?" मी आरसा मागितला. बसायच्या हाडावर रुपयाएवढा काळा डाग, कडेने लाल. मला काहीही दुखत नव्हतं.

पोटावर

दवाखान्यात कातडी कापून साफ केली. आत बोटभर खड्डा निघाला. आठ दिवस तिथे आणि घरी आल्यावर पाच आठवडे, सगळा वेळ पोटावर. रोज पट्टी आत्याच बदलायच्या.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाणं म्हणजे बिस्किटाचा पुडा, शहाळं आणि सल्ला. कोऱ्हाळ्याच्या चुलत सासूबाई खाटेच्या कडेला बसून माझ्या पाठीशी बोलल्या, "डोळ्याला डबडं लावून दिसभर हात नाचवती म्हनं ही. मग व्हनारच की." गावभर हेच झालं होतं. गेम खेळून बाईला जखम झाली.

त्या गेल्यावर संतोषनी चष्मा उचलून कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. "समद्याचं मूळ हे हाय," ते म्हणाले.

पोटावर पडून धड भांडताही येत नाही. समोरच्याचे फक्त पाय दिसतात. मी त्यांच्या पायांकडे बघत म्हटलं, "तीन तीन तास मी त्या डोंगरावर का हुते, इचारलं का कधी? घरातनं भाईर जाया मला तेवढी एकच वाट हुती. ती बी तुमीच दिलेली."

"चूक तुझी न्हाय का? गजर कुणी बंद केला?"

"मीच केला. माझी चूक मी भोगतीय, हितं उताणं व्हता येत न्हाय मला. तुमची कोण भोगतंय?"

"मी काय चूक केली?"

"तीनदा सांगितलं उतार बांधा."

पाय दाराकडे वळले. मग ते म्हणाले, "आईला काय सांगू मी?"

"सांगा की बायकोपरीस दगड जड हाय."

ते निघून गेले. स्वयंपाकघरात आत्या भांडी लावत होत्या, त्यांना सगळं ऐकू गेलं. त्या दिवशीची पट्टीही त्यांनी नेहमीसारखीच हलक्या हाताने बदलली. उशीत तोंड खुपसून मी त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या आणि नंतर स्वतःला दिल्या.

तात्या

जखम भरली. खुर्चीत बसायला लागून पंधरा दिवस झाले तेव्हा इंदापूरला नात्यातला साखरपुडा आला. संतोष आणि आत्या सकाळीच जाणार होते. मी आदल्या दिवशी कऱ्हाटीच्या गवंडी तात्यांना फोन केला. सिमेंट, खडी, वाळू फोनवरच मागवली, दोघं गेल्यावर आणून टाका म्हटलं.

तात्या आणि त्यांची बायको नऊ वाजता आले. उतार म्हटल्यावर तात्यांनी फीत काढून मापं घेतली. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हे मी त्यांना सांगितलं, तुम्हीही गवंड्याला सांगा. इथवर ठीक होतं. उंबरा काढायचा म्हटल्यावर त्यांनी फीत गुंडाळली.

"त्ये घरातल्या मोठ्या माणसानं सांगाया पायजे, वैनी."

"छत्तीसची हाय मी, तात्या. अजून किती मोठी व्हऊ?"

"तसं न्हाय वो. मालकास्नी फोन लावा एकदा."

मी ग्रामपंचायतीचा घराचा उतारा दाखवला. त्यावर संतोषच्या नावाबरोबर माझंही नाव आहे. तात्यांनी तो आदराने हातात घेतला, आदराने परत दिला आणि म्हणाले, "नाव हाय, खरं हाय. पर उंबरा हाय ह्यो."

मग माझी सटकली. मी खुर्चीचे ब्रेक लावले, गादी खाली टाकली आणि हातांवर तोलत उंबऱ्याशी उतरले. तात्यांची छिन्नी आणि हातोडा तिथेच होता. पहिला घाव चुकला, दुसरा बरोबर सांध्यात बसला. आठ-दहा घाव घातले असतील. तात्या हात पुढे करून नुसतेच उभे होते. शेवटी त्यांची बायको घमेलं खाली ठेवत म्हणाली, "बाई जमिनीवर उतरलीया. आता काय बघताय?"

"सरका, वैनी," तात्या म्हणाले. "बोट ठेचंल."

दगड निघाला. खाली हळदीने माखलेला रुपया होता. तात्यांनी तो पुसला नाही, तसाच माझ्या तळहातावर ठेवला. संध्याकाळपर्यंत दारापासून अंगणापर्यंत लांबलचक उतार झाला. जाताना तात्या म्हणाले, "सात दिस पानी मारा, सकाळ-संध्याकाळ. सुकला तर तडकंल. आन तवर चाक घालायचं न्हाय."

दोघं परतले तेव्हा मी आतून ओरडून सांगितलं, "मागच्या दारानं या. पुढनं सात दिवस कुणालाच येता येणार न्हाय." हे बोलताना मला किती बरं वाटलं, ते लिहायला संकोच वाटत नाही.

संतोषनी आत येऊन मोकळ्या चौकटीकडे बघितलं, "इचारायचं तरी," म्हणाले, आणि कपडेही न बदलता रोपवाटिकेत निघून गेले. आत्यांनी एकच विचारलं, "रुपाया कुठाय?"

मी दिला. त्यांनी तो पदराच्या गाठीत बांधला. "दोन वर्सं तुझं समदं केलं मी," त्या म्हणाल्या, आणि चुलीकडे वळल्या. ते खरं होतं.

पाणी

घरात तिघंही एकमेकांशी बोलेनासे झाले. उताराला पाणी मी मारत होते. दारात खुर्ची लावून तांब्या भरभरून पाणी फेकायचे. वरचा अर्धा भाग भिजायचा, खाली काही पोचायचं नाही. अंगणातल्या नळाला रबरी नळी होती, पण अंगणात जायचं तर उतारावरून जायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी खालचा भाग पांढरा पडलेला दिसला. कुणाला तरी सांगितलं असतं तर झालं असतं. मी सांगितलं नाही. तडकला तर तडकू दे, पण आता विनवणी करणार नाही, इतकी मी हट्टाला पेटले होते. हा हट्ट मूर्खपणाचा होता हे तेव्हाही कळत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात आले तर उतार वरपासून खालपर्यंत ओल्या गोणपाटाने झाकलेला. गोणपाटातून पाणी निथळत अंगणात चाललं होतं. आत्या चुलीपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांच्या लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत भिजलेला होता. त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. मी आभार मानले नाहीत, चहा पिऊन टाकला. पुढचे चार दिवस सकाळ-संध्याकाळ गोणपाट ओलं होतं.

आठव्या दिवशी मी आठ वाजता दारात खुर्ची आणली. गोणपाट काढलेलं होतं. एकही चीर नव्हती. पुढची चाकं उतारावर घातली तेव्हा आत्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"पडशील," त्या म्हणाल्या.

"पडले तर उचला. तुमाला सवय हाय."

मी चाकांवरची पकड सैल केली आणि गेले.